नास खोऱ्याचा तह: टेबलाशी कोण होतं, कोण नव्हतं

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पार वायव्येला अलास्काच्या हद्दीजवळ, नास नदी पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्या खोऱ्यात निसगा हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांचा कॅनडा सरकारशी आणि प्रांत सरकारशी झालेला तह 11 मे 2000 रोजी अमलात आला. ब्रिटिश कोलंबियातला हा पहिला आधुनिक तह.

या तहावर लिहिणारे बहुधा आकड्यांपासून सुरुवात करतात. जमीन किती मिळाली, पैसे किती मिळाले. ते आकडे पुढे येतीलच, पण त्याआधीचा रस्ता मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निसगा प्रमुख तहाची मागणी घेऊन प्रांताच्या राजधानीत पहिल्यांदा गेले ते 1887 साली. मसुद्यावर तिन्ही पक्षांची आद्याक्षरं पडली 1998 साली. मधली 111 वर्षं कुठे गेली? या प्रश्नाचा माग काढताना प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासावी लागते: त्या वेळी टेबलाशी कोण बसलेलं नव्हतं?

आमचीच जमीन आम्हाला देणार?

ब्रिटिश राजाने 1763 साली जाहीरनामा काढला होता. मूळनिवासींची जमीन घ्यायची तर ती राजसत्तेनेच घ्यायची, आणि तीही त्यांच्याशी रीतसर करार करून, असं त्यात म्हटलं होतं. त्यामुळे कॅनडाच्या बऱ्याच भागात, चांगले-वाईट का होईना, तह झाले. ब्रिटिश कोलंबियात मात्र जेम्स डग्लस या गव्हर्नरने 1850 ते 1854 या काळात व्हँकुव्हर बेटावर 14 छोटे करार केले, आणि 1899 च्या एका मोठ्या तहात प्रांताचा ईशान्य कोपरा आला. बाकी जवळपास सगळा प्रांत कोणत्याही तहाशिवाय वसवला गेला. 1871 मध्ये प्रांत कॅनडात सामील झाला. मूळनिवासींचा जमिनीवर असा काही हक्कच नाही, ही त्याची भूमिका त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं कायम राहिली.

1887 मध्ये निसगा आणि त्यांचे शेजारी त्सिमशियन यांचे प्रमुख समुद्रमार्गे व्हिक्टोरिया या राजधानीला गेले आणि तह करा, अशी मागणी त्यांनी केली. गोरे पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही रानातल्या जनावरांपेक्षा फारसे बरे नव्हता, असं प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) विल्यम स्मिथ यांनी त्यांना ऐकवलं. नंतर सरकारने चौकशीसाठी एक आयोग नास खोऱ्यात पाठवला. त्याच्यासमोर 1888 मध्ये डेव्हिड मॅके या निसगा माणसाने जे सांगितलं, ते पुढे थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात उद्‌धृत झालं. त्याचं म्हणणं असं: सरकार म्हणतं, आम्ही तुम्हाला एवढी जमीन देऊ, आणि हेच आम्हाला पटत नाही. जमीन आमचीच असताना ते ती देणार कशी? त्यांनी ती आमच्याकडून किंवा आमच्या पूर्वजांकडून कधी विकत घेतली नाही. आमच्याशी लढून ती जिंकलीही नाही. तरीही म्हणतात, एवढी जमीन तुम्हाला देऊ.

साऱ्या प्रकरणाचा गाभा या चार-पाच वाक्यांत आला आहे. पुढच्या शंभर वर्षांत वकिलांनी हजारो पानं लिहिली, पण मॅकेच्या प्रश्नाला सरकारपक्षाला सरळ उत्तर देता आलं नाही.

निसगांनी 1890 मध्ये भूमी समिती स्थापन केली आणि 1913 मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडे, अर्ज धाडला. त्यातून काही निघालं नाही. उलट 1927 मध्ये कॅनडाच्या संसदेने इंडियन कायद्यात (तिथल्या मूळनिवासींसाठीच्या कायद्याचं हे नाव) कलम 141 घातलं. सरकारी परवानगीशिवाय जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणं किंवा वकिलाला पैसे देणं हा त्यामुळे गुन्हा ठरला. हे कलम 1951 पर्यंत होतं. कलम लागू असतानाची चोवीस वर्षं दावा फेटाळला गेला असं म्हणता येणार नाही. तो मांडायचीच बंदी होती. तह रखडला याचा दोष दोन्ही बाजूंना वाटून देणारे लेखन मी वाचलं आहे, आणि दर वेळी हे कलम त्यातून गायब असतं.

हरलेला खटला

बंदी उठल्यावर 1955 मध्ये निसगा ट्रायबल कौन्सिल उभी राहिली. फ्रँक कॅल्डर तिचे अध्यक्ष झाले. प्रांताने मूळनिवासींना मताधिकार दिला त्याच वर्षी, 1949 मध्ये, ते प्रांताच्या विधिमंडळात निवडून आले होते. तिथे पोहोचलेले ते पहिले मूळनिवासी. कौन्सिलने खटला भरला आणि थॉमस बर्जर या तरुण वकिलाने तो चालवला. मागणी नेमकी आणि मोजकी होती: आमचा जमिनीवरचा हक्क कायद्याने कधीच संपुष्टात आणला गेलेला नाही, एवढं न्यायालयाने जाहीर करावं. पैसे मागितले नव्हते.

प्रांतातल्या दोन्ही न्यायालयांत निसगा हरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 31 जानेवारी 1973 रोजी आला आणि तांत्रिकदृष्ट्या तिथेही ते हरलेच. सातपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, हक्क अजून जिवंत आहे. तीन म्हणाले, तो संपला. सातव्याने मूळ मुद्द्याला हातच लावला नाही. सरकारवर दावा लावायला आवश्यक ती पूर्वपरवानगी घेतलेली नाही, एवढ्यावर त्याने दावा फेटाळला. पण हक्क संपला म्हणणाऱ्या तिघांनीही, तो मुळात होता, हे मान्य केलं होतं. प्रांत शंभर वर्षं जे नाकारत आला होता ते सहा न्यायाधीशांनी एका दिवसात मान्य केलं.

चारच वर्षांपूर्वी, 1969 मध्ये, पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या सरकारने मूळनिवासींचा वेगळा कायदेशीर दर्जाच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला होता, आणि मूळनिवासींच्या खात्याचे मंत्री होते ज्याँ क्रेतियाँ. निकालानंतर, तुमचे हक्क आम्हाला वाटत होते त्यापेक्षा जास्त दिसतात, अशी कबुली ट्रुडोंनी दिली. जमिनीच्या दाव्यांवर वाटाघाटी करण्याचं धोरण ऑगस्ट 1973 मध्ये जाहीर केलं ते याच क्रेतियाँ यांनी. निसगा तहावर केंद्राची मोहोर उमटली तेव्हा ते पंतप्रधान होते. माणूस बदलला की परिस्थिती, हा वाद मला निरर्थक वाटतो. न बोलण्याची जोखीम बोलण्याच्या जोखमीपेक्षा मोठी झाली, म्हणून सरकार टेबलाशी आलं.

चौदा वर्षं रिकामी खुर्ची

केंद्र सरकार आणि निसगा यांच्या वाटाघाटी 1976 मध्ये सुरू झाल्या. मात्र कॅनडाच्या राज्यघटनेप्रमाणे जमीन, जंगल आणि खनिजं प्रांताच्या ताब्यात असतात. प्रांत चर्चेला यायलाच तयार नव्हता. म्हणजे जमिनीबद्दल बोलणी चालू होती आणि कागदोपत्री जमीन ज्याच्याकडे होती तोच तिथे नव्हता. केंद्राचा प्रतिनिधी मान डोलावू शकत होता, पण एक एकरसुद्धा देऊ शकत नव्हता. चौदा वर्षं हे घोंगडं भिजत पडलं.

या काळात निसगांनी एक गोष्ट केली, तिची नोंद पुरेशी घेतली जात नाही. त्यांनी माणसं आणि भूमिका बदलली नाहीत. चार गावं, चार कुळं (कावळा, लांडगा, गरुड आणि किलर व्हेल), पण दावा एकच. याला ते सामाईक वाडगा म्हणतात: खोऱ्यातलं जे आहे ते सगळ्यांचं, म्हणून बोलणीही सगळ्यांच्या वतीने एकत्रच. गावागावाने वेगळे करार केले असते तर सरकारला ते सोयीचं होतं. जेम्स गॉसनेल आणि त्यांच्या नंतर त्यांचे धाकटे भाऊ जोसेफ गॉसनेल यांनी हे होऊ दिलं नाही. समोरच्या बाजूला मंत्री आणि अधिकारी बदलत राहिले. एकाच मुद्द्यावर दहा वर्षांपूर्वी काय ठरलं होतं, हे लक्षात असणारे लोक निसगांच्याच बाजूला होते.

1982 मध्ये राज्यघटनेत कलम 35 आलं आणि मूळनिवासींच्या हक्कांना आणि तहांना घटनात्मक संरक्षण मिळालं. मे 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासेमारीच्या एका खटल्यात या कलमाला प्रत्यक्षात धार आहे हे दाखवलं. त्याच उन्हाळ्यात मूळनिवासींनी प्रांतात ठिकठिकाणी रस्ते अडवले, लाकूडतोड थांबली, गुंतवणूकदार मालकीबद्दल विचारू लागले. 1990 मध्येच प्रांत टेबलाशी आला. त्याआधी तीन पिढ्यांनी केलेल्या विनंत्या, अर्ज आणि शिष्टमंडळं यांनी जे झालं नव्हतं, ते लाकडाचे ट्रक अडल्यावर काही महिन्यांत झालं.

माशांचा अध्याय

1996 मध्ये तत्त्वतः करार आणि 4 ऑगस्ट 1998 रोजी न्यू अयान्श गावात अंतिम मसुद्यावर आद्याक्षरं. मधल्या काळात निसगांचं नेतृत्व जोसेफ गॉसनेल यांच्याकडे होतं, तर केंद्राच्या वतीने मुख्य वाटाघाटकार टॉम मोलॉय होते. प्रत्येक अध्यायावर लिहायला जागा नाही, पण माशांच्या अध्यायाशी थांबायला हवं, कारण वाटाघाटी नेमक्या कशा घडतात ते तिथे दिसतं.

नास खोऱ्याचं जगणं सामन (सॅल्मन) माशावर आहे, आणि हिवाळा सरता सरता नदीत शिरणाऱ्या उलिकन या तेलकट छोट्या माशावर. उलिकनची चरबी काढून ती डोंगरवाटांनी आतल्या मुलखात विकायला नेत. सामनवर मात्र व्यापारी बोटींचा, हौशी गळवाल्यांचा आणि अलास्काचाही डोळा होता. निसगांना ठरावीक संख्येने मासे द्यावेत, तर वाईट हंगामात नदी रिकामी होणार. टक्केवारी द्यावी, तर ती कशाची, आणि मोजणार कोण?

मोजणीचं काम निसगांनी तह व्हायच्या आधीच हातात घेतलं. 1992 पासून त्यांच्या मत्स्यविभागाने नदीत मासेचक्रं लावली. प्रवाहाच्या जोराने फिरणारं मोठं चक्र, त्याला जाळीच्या टोपल्या. वर चढणारा मासा टोपलीत येतो आणि घसरून पाण्याच्या टाकीत पडतो. तिथे तो मोजायचा, त्याला खूणचिठ्ठी लावायची आणि परत नदीत सोडायचा. वर आणखी पुढे खूणचिठ्ठीचे किती सापडतात त्यावरून एकूण किती मासे आले याचा हिशोब निघतो. वाटाघाटीत आकड्यांवरून वाद झाला की निसगांकडे स्वतःची मोजणी असायची. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या पक्षाने चर्चेची तयारी कशी करावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अखेर तोडगा दोन थरांचा निघाला. सॉकाय जातीच्या सामनमध्ये निसगांचा वाटा तहात 10.5 टक्के धरला, आणि मासे कितीही आले तरी त्याला वरची मर्यादा ठेवली. याखेरीज सॉकायचे 13 टक्के आणि पिंक जातीचे 15 टक्के एका स्वतंत्र मासेमारी करारात घातले. हा दुसरा करार तहाचा भाग नाही, म्हणजे त्याला घटनेचं संरक्षण नाही. व्यापारी मच्छीमारांना सांगता आलं की घटनेत कोरलेला वाटा मर्यादित आहे, निसगांना हाती येणारे मासे मिळाले. दोघांनाही आपापल्या लोकांसमोर जाता आलं. पण विक्रीच्या माशांचा मोठा भाग कमी भक्कम कागदावर ठेवला गेला, हे विसरून चालणार नाही.

काय मिळालं, काय सोडलं

निसगांना सुमारे 2,000 चौरस किलोमीटर जमीन पूर्ण मालकीने मिळाली. त्यांचा दावा जवळजवळ 24,000 चौरस किलोमीटरवर होता, म्हणजे हाती आलं सुमारे 8 टक्के. रोख सुमारे 19 कोटी डॉलर, तेही पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने. स्वतःचं सरकार मिळालं: निसगा लिसिम्स सरकार, लिसिम्स हे नास नदीचं त्यांच्या भाषेतलं नाव. जमीन, भाषा, संस्कृती, नागरिकत्व अशा काही बाबतींत त्याचा कायदा कॅनडाच्या कायद्याशी विसंगत असला तर निसगांचा कायदा वरचढ. फौजदारी कायदा कॅनडाचाच राहिला.

इंडियन कायद्याखालची करसवलत गेली. विक्रीकर आठ वर्षांनी, बाकीचे कर बारा वर्षांनी. गावागावात याचा राग होता आणि तो समजण्यासारखा आहे.

सगळ्यात अवघड मुद्दा वेगळाच होता. जुन्या तहांत मूळनिवासींकडून आपला हक्क सोडून दिला, समर्पित केला, असं लिहून घेत. सरकारला पुढे नवा दावा येऊ नये एवढी खात्री हवी होती. निसगांना पूर्वजांचा हक्क संपला असं सही करून द्यायचं नव्हतं. मार्ग असा काढला की हक्क संपत नाही, तो तहात लिहिलेल्या स्वरूपात चालू राहतो, आणि त्यापलीकडे काही उरलंच असेल तर त्याचा दावा सोडला जातो. टीकाकारांच्या मते हे जुन्याच गोष्टीला नवं वेष्टन आहे. मला ते पूर्ण पटत नाही. उरलेल्या 92 टक्क्यांपुरता परिणाम जवळपास तोच आहे, हे खरं. पण तहाच्या आतल्या हक्कांचं मूळ सरकारच्या देण्यात नसून निसगांच्या आधीच्या मालकीत आहे, हे त्यामुळे कागदावर आलं. मॅकेच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर होतं.

डिसेंबर 1997 मध्ये, मसुदा पूर्ण व्हायला जेमतेम आठ महिने असताना, सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या गितक्सान आणि वेत्सुवेतेन लोकांच्या खटल्यात मूळनिवासी मालकीची व्याख्या बरीच विस्तारली. निसगांनी थांबून नव्याने सगळं मागायला हवं होतं, असं काही जण आजही म्हणतात. लढाई जिंकून तहात हरले, हा आपल्याकडचा जुना दाखला इथेही लावता येईल. मला तो अन्यायकारक वाटतो. खटला लढायचा म्हणजे आणखी वीस वर्षं, आणि ज्या वृद्धांनी 1950 च्या दशकात ही कौन्सिल उभारली ते तेव्हा एकेक करून जात होते.

वाटाघाटीचा खर्च हाही मोठा मुद्दा. वकील, सर्वेक्षण, मासेतज्ज्ञ, प्रवास हे सगळं निसगांनी केंद्र सरकारकडून कर्ज काढून केलं आणि ते कर्ज तहाच्या भरपाईतूनच फेडायचं होतं. प्रांत चौदा वर्षं आला नाही, त्या काळातल्या खर्चाचा भारही त्यांच्यावरच. 2019 च्या अर्थसंकल्पात कॅनडाने अशी सगळी कर्जं माफ केली आणि ज्यांनी फेडली होती त्यांना पैसे परत देण्याचं ठरवलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मंजुरी

नोव्हेंबर 1998 मध्ये निसगांनी मतदान केलं. मत देणाऱ्यांचं नव्हे, पात्र असलेल्या सगळ्या मतदारांचं बहुमत लागणार होतं, म्हणजे घरी बसलेला माणूसही विरोधात मोजला जाणार. तरीही सुमारे 61 टक्क्यांनी होकार दिला. 2 डिसेंबरला जोसेफ गॉसनेल प्रांताच्या विधिमंडळात बोलले. आम्ही यापुढे सरकारचे पाल्य नाही, आमच्याच भूमीत भिकारी नाही, हे त्यांनी तिथे सांगितलं, आणि 1887 च्या त्या प्रवासाची आठवणही करून दिली.

प्रांताच्या विधिमंडळात तोवरची सर्वांत लांब चर्चा झाली आणि ती सरकारला बळाने संपवावी लागली. केंद्रीय संसदेत विरोधी रिफॉर्म पक्षाने 471 दुरुस्त्या मांडल्या, आणि डिसेंबर 1999 मध्ये सलग 42 तास मतदान चाललं. खोऱ्यात राहणाऱ्या बिगर-निसगांना निसगा सरकार निवडता येणार नाही, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. त्यांना थेट परिणाम करणाऱ्या निर्णयांत सल्लामसलतीचा आणि शाळा-आरोग्य मंडळांत मताचा हक्क तहाने दिला आहे. प्रांतातले विरोधी पक्षनेते गॉर्डन कॅम्पबेल न्यायालयात गेले आणि 2000 मध्ये हरले. वर्षभरात ते प्रीमियर झाले, पण तह तसाच राहिला.

जो शेजारी टेबलाशी नव्हता

माझ्या मते या प्रक्रियेतली सगळ्यात गंभीर त्रुटी गितान्याव लोकांच्या बाबतीत झाली. हे गितक्सान समूहातले, नासच्या वरच्या अंगाला राहणारे शेजारी. निसगा तहातला काही प्रदेश आपला आहे असा त्यांचा दावा होता आणि आहे. त्यांची स्वतःची वाटाघाट त्याच दोन सरकारांशी वेगळ्या खोलीत चालू होती. 1999 मध्ये न्यायालयाने म्हटलं की एकदा बोलणी सुरू केल्यावर सरकारने ती प्रामाणिकपणे करायला हवीत. निसगा तह मात्र पुढे गेला. दुसऱ्या मूळनिवासींच्या हक्कांना बाधा येते असं न्यायालयाने ठरवलं तर तेवढ्यापुरती तरतूद लागू होणार नाही, असं एक कलम तहात आहे. पण त्यासाठी गितान्यावांनी आधी स्वतःच्या पैशाने खटला जिंकायचा. म्हणजे 1967 साली खटला भरणाऱ्या निसगांच्या जागी त्यांना उभं केलं गेलं.

हे केवळ जुनं भांडण नाही. निसगा राष्ट्र आज किनाऱ्यावरच्या एका मोठ्या नैसर्गिक वायू प्रकल्पात भागीदार आहे. 2024 मध्ये त्याने एका सहभागीदारासह तिथवर वायू नेणारी पाइपलाइन विकत घेतली, आणि त्याच वर्षी गितान्यावांच्या पारंपरिक प्रमुखांनी तिच्या कामाचा रस्ता अडवला. आपल्या जमिनीवर काय करायचं हे निसगांनी ठरवावं, हा तहाचाच अर्थ आहे आणि त्यांचा तो हक्क मी पूर्ण मानतो. पण पाइपलाइन हद्द पाहून थांबत नाही. 1990 च्या दशकात दोन्ही सरकारांनी हद्दीचा प्रश्न सोडवायला निसगा आणि गितान्याव यांना वेळ, पैसा आणि त्यांच्या स्वतःच्या रीतीने बसायची जागा दिली असती, तर आज दोघं रस्त्यावर समोरासमोर नसते. ती बैठक अजूनही घेता येण्यासारखी आहे, आणि तिचा खर्च सरकारांनी उचलायला हवा, कर्ज म्हणून नव्हे.